सायलोवर कुणाचं तोंड?

जगात असा एकही वाद नाही, जो मी, लेस्टर गुंकेल, एका दुपारीत आणि दोन ग्लास बिअरमध्ये मिटवू शकत नाही! हे मी मनातल्या मनात म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मी ते आमच्या बारमध्ये, भर शुक्रवारच्या गर्दीत, तळलेल्या माशाचा तुकडा हवेत धरून, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. ती पहिली चूक. पुढच्या चुका गावाने वाटून घ्याव्यात अशी माझी फार इच्छा आहे, पण कुणी पुढे येत नाही.

आमच्या क्रोनबर्ग हायस्कूलच्या ग्रंथालयाचं छत गळतं. गेली कित्येक वर्षं पुस्तकांवर ताडपत्री आहे. पदार्थविज्ञानाला शिक्षक नाही, त्यामुळे तो तास व्यायामाचे सर घेतात आणि गुरुत्वाकर्षण शिकवायचं म्हणून पोरांना जोर काढायला लावतात. फुटबॉलचा गुणफलक मात्र एवढा मोठा आहे की शेजारच्या डनमोर गावात बसून आमचे गुण वाचता यावेत. दुर्दैवाने ते वाचतातही.

तर यंदा गावाने वर्गणी काढली. छतासाठी नव्हे, उगाच गैरसमज नको! शेतकरी सहकारी सोसायटीचा जो सायलो आहे, मक्याचं ते उंच गोल कोठार, त्यावर हमरस्त्यावरून दिसेल असं एक अवाढव्य चित्र रंगवायचं ठरलं. चित्र कुणाचं? क्रोनबर्गच्या खेचरांच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅकचं! 'खेचरं' हे आमच्या संघाचं नाव. कुणा पूर्वजाने ते ठेवलं आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ते सार्थ करत आलो आहोत.

आमच्या फुटबॉलमध्ये पायाचा संबंध पळण्यापुरता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो आणि आता पळायचं, फेकायचं की दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, हे जो ठरवतो तो. बाकीच्यांनी अंगावर येणाऱ्यांना अडवायचं. आमच्या घरात ती क्वार्टरबॅकची जागा माझ्या बायकोकडे, बर्नीकडे आहे. मी अडवतो.

सायलोची रस्त्याकडची बाजू एकच, त्यामुळे तोंडही एकच मावणार होतं. आणि दावेदार होते दोन.

एक, व्हर्नन झास्ट्रो. एकोणसत्तर सालचे क्वार्टरबॅक आणि माझे सासरे. त्यांच्या काळी चेंडू फेकणं हा भित्रेपणा समजत. चेंडू पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि समोर जे असेल त्यात घुसायचं. पुढे आयुष्यभर त्यांनी गाडीही तशीच चालवली.

दुसरा, कर्ट ओल्सटाड. त्र्याण्णवचा क्वार्टरबॅक आणि सोसायटीचा मॅनेजर, म्हणजे माझा साहेब. मी तिथे काउंटरवर पशुखाद्य विकतो. कर्टने अख्ख्या मोसमात चेंडू हातात ठेवला असा नाहीच. आला की फेकला! काय ती उंची, काय तो डौल! झेलायला पलीकडे कुणी असो वा नसो. त्याचा गणवेश मोसमभर न धुता चालायचा, असं व्हर्नन म्हणतात.

एक एकोणसत्तरात घुसलेला, दुसरा त्र्याण्णवात फेकलेला, आणि दोघंही अजून तिथून परतलेले नाहीत. गावाचेही दोन तट. लग्नात कुणाला कुठल्या टेबलावर बसवायचं, हेसुद्धा साल विचारून ठरवतात.

आता माझी अडचण ऐका. आमच्याकडे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम येतो. त्या आठवड्यात पुरुष घरात दिसला तर शेजारीपाजारी तब्येतीची चौकशी करायला येतात. वर उत्तरेच्या जंगलात सासऱ्यांचा कँप आहे: एक लाकडी खोली, एक शेगडी आणि चार बंक, म्हणजे भिंतीला ठोकलेले अरुंद पलंग. लग्न झाल्यापासून मी तिथे जमिनीवर झोपतो. शेजारी कुत्रा. कुत्रा माझ्याआधी घरात आलेला, त्यामुळे शेगडीकडची उबेची बाजू त्याची. पण यंदा एल्मरकाका ॲरिझोनाला राहायला गेले (आमच्याकडे ॲरिझोना म्हणजे स्वर्गाच्या अलीकडचं स्टेशन) आणि एक बंक मोकळा झाला. "लेस, यंदा तो तुझा," असं सासरे म्हणाले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू!

पण कँपला जायचं तर रजा हवी, आणि रजेवर सही करणार कर्ट. म्हणजे बंक एकाच्या हातात, रजा दुसऱ्याच्या हातात, आणि त्या दोघांतून एकाला निवडणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण? तर मी! कारण गावात कधीही फुटबॉल न खेळलेला मी एकटाच. शाळेत असताना मी बँडमध्ये ट्यूबा नावाचं अवजड पितळी वाद्य वाजवायचो. "ट्यूबावाला कुठल्याच बाजूचा नसतो," असं वर्गणी काढणाऱ्या फुटबॉल क्लबाने एकमताने ठरवलं. माशाचा तुकडा हवेत धरून मारलेली फुशारकी त्यांच्या लक्षात होतीच.

दुसऱ्याच दिवशी सासरे दारात.

"लेस, त्या बंकवर नवी गादी टाकली बरं का."

"थँक्यू, पपा!"

"कालच टाकली." ते जरा थांबले. "काढायलाही वेळ लागत नाही."

सोमवारी कामावर गेलो तर कर्ट खिसे चाचपतोय. "लेस, तुझा रजेचा अर्ज टेबलावरच आहे हां. पेन सापडत नाहीये."

"हे घे ना माझं!"

"नको, नको. सायलोवर कोण ते एकदा कळू दे. माझं पेन आपोआप सापडेल."

बर्नीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरळ राजीनामा दे."

"अगं, पण मी बारमध्ये सगळ्यांसमोर बोललोय!"

"बारमध्ये तू एकदा अस्वलाला हाताने मारलं होतंस. घेतलं का कुणी मनावर?"

पण पुरुषाला शब्दाची चाड असते. मी दोन्ही दावेदारांना बारमध्ये समोरासमोर बसवलं. गाव भोवती जमलं.

"ह्याला विचार," सासरे गरजले, "चिखल कधी डोळ्यांनी पाहिलाय का म्हणावं! आमच्या वेळी मैदानावर आठवडाभर गाई चरायच्या आणि शनिवारी आम्ही खेळायचो. पडलो की तोंडात जायचा तो नुसता चिखल नसायचा!"

"आणि ह्यांना विचार," कर्ट म्हणाला, "चेंडू पुढच्या दिशेला फेकतासुद्धा येतो, हे ह्यांना कधी कळलं?"

"कळलं होतं! गरज पडली नाही!"

"कशी पडेल? तुमच्या अंगावर यायची ती पोरं केवढीशी! माझ्या आत्याने एका हाताने अडवली असती!"

"तुझी आत्या? हेलेन? तिला मी नाचायला घेऊन गेलोय. ती अडवणाऱ्यातली नव्हती!"

इथे खुर्च्या सरकल्या, कुणीतरी ग्लास आधीच उचलून ठेवले, आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी टेबलावर चढलो.

"थांबा! भांडण काळाचं आहे ना? मग काळ बदलून घ्या! कर्ट, तू एकोणसत्तरच्या चिखलात चेंडू पोटाशी धरून पळायचं. पपा, तुम्ही त्र्याण्णवसारखा चेंडू फेकायचा, लांब टांगलेल्या टायरमधून. जो दुसऱ्याच्या काळात कमी हास्यास्पद दिसेल, तो सायलोवर!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! मला ट्यूबासाठी आयुष्यात कधी टाळी मिळाली नव्हती. टेबलावरून उतरताना मी स्वतःला थोर समजत होतो.

मुहूर्त ठरला होमकमिंगच्या शनिवारचा. त्या दिवशी जुने विद्यार्थी गावात परततात, सकाळी मिरवणूक असते आणि दुपारी डनमोरशी सामना. मिरवणूक चालू असतानाच शाळेमागच्या सरावाच्या मैदानावर आपण इतिहासाचा निकाल लावायचा, असं माझं गणित. चिखलाचा प्रश्न ऑर्व्हिल श्टुम्फने सोडवला. ऑर्व्हिल आमच्या हौशी अग्निशमन दलाचा प्रमुख. "चिखल माझ्यावर सोपव," तो म्हणाला, "आग विझो न विझो, चिखल आम्ही दरवेळी करतो."

शनिवारी बंब घेऊन सरावाच्या मैदानावर पोचतो तर तिथे मुलींचा सामना चाललेला! पायाने खेळायचा तो फुटबॉल. त्यांच्या प्रशिक्षिकेने शिट्टी तोंडातून काढली.

"हे मैदान आम्ही ऑगस्टपासून राखून ठेवलंय."

"बाई, पण आम्हाला इतिहास ठरवायचाय!"

"मग वर्गात जा."

वर्गात चिखल कुठून आणणार? आता राहिलं मुख्य मैदान. पांढऱ्या रेषा ताज्या आखलेल्या, गवत विंचरल्यासारखं उभं. मी ऑर्व्हिलला म्हटलं, "हा एवढा कोपरा भिजव. तेवढाच. सामन्यात तिकडे कुणी जात नाही." आमचा संघ खरोखरच त्या टोकापर्यंत फारसा जात नाही. ऑर्व्हिलने रस्त्याकडेच्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या जाड नळाला, पाइप जोडला, पान्याने नळ फिरवला आणि पाण्याचा असा झोत सुटला की बघत राहावं.

तेवढ्यात भोंगा वाजला! शेतकरी श्लेगेलच्या गोठ्याकडून धूर येतोय! ऑर्व्हिल आणि त्याची माणसं पाइप तिथेच टाकून टणाटण बंबावर चढली.

"ऑर्व्हिल!" मी मागे धावलो. "नळ! नळ बंद कर!"

"पान्याने फिरव!"

"पाना कुठाय?"

"बंबावर!"

हे शेवटचं उत्तर वळणापलीकडून आलं.

हायड्रंट हाताने बंद होत नाही. मी करून पाहिलं. कर्टने करून पाहिलं. सासऱ्यांनी त्याला लाथ घातली, शिवी घातली, आणि "आमच्या काळी असली भिकार हायड्रंटं नव्हती" असं सांगून मोकळे झाले. बंब काही परत येईना. नंतर कळलं की गोठ्याला आग वगैरे काही नव्हती. चर्चची पुरुष मंडळी होमकमिंगसाठी गोठ्यामागे सॉसेज भाजत होती. ऑर्व्हिलच्या माणसांनी आता आलोच आहोत तर म्हणून एकेक खाल्लं. मग चव पाहिली म्हणून आणखी एकेक.

इकडे कोपरा भरला, रेषा विरघळल्या आणि पाणी मैदानाच्या मध्याकडे निघालं. मी बुटाने पाणी मागे ढकलू लागलो. पण सासऱ्यांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा उजळलेला! त्यांनी वाकून मूठभर चिखल उचलला, हुंगला.

"एकोणसत्तर," ते हळूच म्हणाले. "अगदी एकोणसत्तर! फक्त गाई नाहीत."

"पपा, आपण आधी पाणी..."

"पाणी जाऊ दे खड्ड्यात! टायर कुठाय?"

टायर समोर टांगलं होतं. सासऱ्यांनी चेंडू उचलला, हात मागे नेला, एक डोळा मिटला आणि फेकला. चेंडू त्यांच्या मागे गेला. मागे बर्नी थर्मासातून कॉफी ओतत उभी होती. कॉफी उडाली. तिने नुसता रिकामा कप उलटा करून दाखवला.

"वारा होता!" सासरे ओरडले.

"आता बघा," म्हणत कर्टने चेंडू पोटाशी धरला. नवे कोरे पांढरे बूट घातलेले. मान खाली घालून तो धावला. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं, तिसरं पडलंच नाही. साहेब उजव्या खांद्यावर आपटले आणि कडकन आवाज आला.

"हॅ! याला पळणं म्हणतात?" सासऱ्यांनी चिखलातला चेंडू हिसकावला. "असं पळायचं!"

आणि ते पळाले. थट्टा सोडून सांगतो, पहिली काही पावलं मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. पाठ वाकलेली, गुडघे वर, चिखल दोन्ही बाजूंना उडतोय, आणि मला म्हातारा दिसेनासाच झाला. सतरा वर्षांचा पोरगा होता तो! बर्नीने माझा दंड घट्ट धरला. तिने तिच्या बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्या पोराचा पाय सटकला आणि उरलेलं अंतर तो पोटावर घसरत गेला, थेट गोलखांबावर खांदा आपटेपर्यंत. घसरलेलं अंतर सासरे आजही धावण्यातच धरतात.

गावात रुग्णवाहिका एकच. मी मधे, डावीकडे साहेब, उजवीकडे सासरे. दोघांचेही खांदे गेलेले.

"माझं जास्त मोडलंय," सासरे म्हणाले.

"तुमची हाडं जुनी, व्हर्न. ती काय, शिंकलं तरी मोडतील. माझं चांगलं धडधाकट होतं!"

"आमच्या काळी हाड मोडलं तरी खेळायचो!"

"आमच्या काळी मोडायचंच नाही. आम्हाला खेळता यायचं!"

मग खड्डा आला आणि दोघंही एकदम विव्हळले.

"पण बेट्या," सासरे म्हणाले, "पडायच्या आधी पाय रोवला होतास तू. नीट रोवला होतास."

"आणि तुमची ती पहिली पावलं..." कर्ट म्हणाला. "मी असं पळताना कुणाला पाहिलं नाही, व्हर्न."

मला अगदी भरून आलं. वाद मिटला की हो! मी म्हटलंच होतं! तेवढ्यात दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे मान वळवली.

"ही चिखलाची कल्पना कुणाची होती?" कर्टने विचारलं.

"ह्याचीच," सासरे म्हणाले.

बंब परतला तेव्हा मैदानावर बदकं उतरली होती. सामना डनमोरच्या मैदानावर हलवावा लागला. आमचं होमकमिंग, मिरवणुकीसाठी निवडलेली आमची राणी, आमचे सजवलेले ट्रॅक्टर, आणि सगळं डनमोरमध्ये! त्यांनी फाटकावर "बुडालेल्यांचे स्वागत" अशी पाटी लावली होती. आम्ही सपाटून हरलो, पण ते आम्ही कोरड्या मैदानावरही हरतो. जाताना त्यांच्या बँडने होडी वल्हवायच्या चालीवर आम्हाला निरोप दिला. त्यांचा ट्यूबावाला चांगला होता, हे कबूल करायला हवं.

सोमवारी चित्रकार आला. समिती बरखास्त झालेली, दोन्ही दावेदार औषधांच्या गुंगीत. त्याने गुणफलकावरचं चिन्ह पाहिलं आणि सायलोवर खेचर रंगवून निघून गेला. आता गावात नवा वाद आहे. सासऱ्यांच्या तटाचे म्हणतात, खेचराची हनुवटी हुबेहूब कर्टची. कर्टचे लोक म्हणतात, कान व्हर्ननचे. बर्नीला वेगळंच दिसतं. ती सायलोकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि गाडी सुरू करते.

दोन्ही वीरांना गाडी चालवता येईना, म्हणून त्यांना खांद्याच्या व्यायामाला नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी आनंदाने पत्करलं. मागच्या सीटवर दोघं खिदळत बसायचे. हल्लीची पोरं हातमोजे घालून चेंडू फेकतात, यावर दोघांचं पूर्ण एकमत! एके दिवशी तर कर्टने डाव्या हाताने माझ्या रजेच्या अर्जावर सही केली आणि कागद पुढे सरकवला. बंकही माझा, रजाही माझी! मी गाडीत शीळ घालायला लागलो.

"कर्ट," मागून सासरे म्हणाले, "तू आमच्या कँपला का येत नाहीस?"

माझी शीळ थांबली.

"जागा आहे?"

"एक बंक रिकामा आहे. गादीही नवी आहे."

"पपा," मी म्हणालो, "तो बंक..."

"अरे, तुला जमिनीची सवय आहे, लेस. तुझी पाठ तिथेच बरी राहते."

मी गिअर बदलला. असू दे. जमीन तर जमीन, कुत्रा तर कुत्रा. कँप तर आहे! मी मनाची समजूत घालतोय तोवर कर्ट म्हणाला, "यायला मला फार आवडेल, व्हर्न. पण मी गेलो आणि लेसही गेला, तर सोसायटी कोण बघणार?"

मी आरशात पाहिलं. दोघंही माझ्याकडेच बघत होते.

मोसमाच्या पहिल्या सकाळी मी सोसायटीच्या काउंटरवर एकटा उभा होतो. गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर गाडी नाही, सगळं गाव जंगलात. दुपारी फोन वाजला. सासरे होते.

"लेस! अरे, तूच सांग. सकाळी माझं एक हरीण हुकलं, ते कर्टच्या हुकलेल्या हरणापेक्षा मोठं होतं. हा ऐकतच नाही!"

"लेस, त्याचं लहान होतं! शेपटीवरून कळतं!" मागून कर्टचा आवाज.

मी लगेच दुकानाची किल्ली उचलली. "मी येऊ का बघायला? तिथे बघितल्याशिवाय कसं सांगणार? दुकान बंद करतो, संध्याकाळपर्यंत पोचतो!"

पलीकडे थोडी कुजबुज झाली.

"नको. जागा नाहीये. फोनवरच सांग."

मग मी सांगू लागलो. पावलाच्या ठशावरून उंची कशी काढायची, अंतर किती धरायचं, शेपटीला किती महत्त्व द्यायचं, दोन्ही बाजू अगदी नि:पक्षपातीपणे मांडल्या. बराच वेळ बोलल्यावर लक्षात आलं, पलीकडून कुणी हूं की चूं करत नाहीये. फोन टेबलावर तसाच टाकून दोघं जेवायला बसले होते. तव्यावर कांदा चरचरत होता. कर्ट काहीतरी म्हणाला, सासरे खो खो हसले, कुत्रा भुंकला.

मी फोन ठेवला नाही. स्टूल ओढून घेतलं, डबा उघडला आणि फोन कानाशी धरूनच जेवलो.